बाबांचं खाकरणं

बाबांचा आवाज बुधवारी जाणार होता. जाणार म्हणजे बसणार नव्हे. घशातली गाठ काढताना स्वरयंत्रच काढून टाकावं लागेल, असं मुंबईच्या डॉक्टरांनी आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. मंगळवारी सकाळी दाखल व्हायचं, बुधवारी ऑपरेशन. आणि शनिवारी सकाळी नऊ वाजता मी पळसदरीला माहेरच्या ओटीवर मांडीत एक उसना माईक घेऊन बसले होते आणि तो कुठं लावायचा हे मला ठरवता येत नव्हतं.

इस्पितळात बोलणं शिकवणाऱ्या एक ताई आहेत, त्यांनी हा उपाय सांगितला होता. आवाज आहे तोवर बाबांकडून तीनशे वाक्यं बोलून घ्यायची आणि एका ॲपवर चढवायची. त्यावरून मोबाईलमध्ये बाबांचा आवाज तयार होतो. पुढं बाबांनी काही टाईप केलं किंवा ठरलेलं बटण दाबलं की फोन त्यांच्या आवाजात बोलणार. अट एकच, आवाज स्वच्छ पाहिजे. पंखा, भांडं, कोंबडं, काहीही मागं वाजलं की ॲप त्या वाक्यावर लाल फुली मारून परत पाठवतं. रविवारी संध्याकाळपर्यंत तीनशेच्या तीनशे पोचली तर सोमवारी आवाज हातात, म्हणजे दाखल व्हायच्या आधी बाबा तो स्वतः ऐकून बघतील.

त्यात डॉक्टरांनी बजावलेलं, एका वेळी अर्ध्या तासाच्या वर बोलायचं नाही. गणपतीपासून घोगरा झालेला तो आवाज आता घासून घासून बाहेर येत होता. आहे तेवढ्यातच भागवायचं होतं.

मी मुळात धीराची बाई नाही. नेरळला एका बिल्डरच्या ऑफिसात फ्लॅट बघायला येणाऱ्यांशी दिवसभर गोड बोलते, त्यामुळं घरी येईस्तोवर माझी साखर संपलेली असते. हिचं नाव नम्रता ठेवलं तिथंच आमचं चुकलं, असं आई येईल त्याला सांगते. त्या दिवशी तर मी ओटीवरून अंगणात, अंगणातून पडवीत नुसत्या येरझाऱ्या घालत होते. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, मुलाखतीला बोलावल्यासारखे तयार बसले होते, आणि मला अजून खोली सापडत नव्हती.

माईक ऋषिकेशचा. नेरळला आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि शाळेच्या मुलांसाठीचे धडे घरीच, कपाटात डोकं घालून रेकॉर्ड करतो. भिंती मोकळ्या नकोत, मऊ सामानाची खोली बघ. पंखा, फ्रिज बंद. तोंड आणि माईक यांच्यात एक वीत अंतर. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नकोस. एवढं मी वहीत लिहून घेतलं होतं. आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली होती, ती लिफ्टचं दार बंद होताना, आणि मी मान डोलावून खाली निघून आले होते.

शेवटी भाताची खोली निवडली. यंदाचं भात नुकतंच भरून झालं होतं, तिन्ही भिंतींना छपरापर्यंत पोती. मी मधोमध उभी राहून टाळी वाजवली तर ती तिथंच मेली. ऋषिकेशनं भिंतींना फोम चिकटवलाय, आमच्याकडं भात होतं. दारावर आणि खिडकीवर गोधड्या टांगल्या. आईच्या शिलाई मशीनच्या टेबलावर टॉवेलची घडी घालून तिच्यावर माईकचा स्टँड ठेवला, म्हणजे टेबलाला धक्का लागला तरी माईकपर्यंत जाऊ नये. 'भात', 'भाकरी' म्हणताना तोंडातून हवेचा फटका बसतो, तो अडवायला भरतकामाच्या रिंगवर माझा जुना नायलॉनचा मोजा ताणून बसवला. बाबांनी तो मोजा बराच वेळ निरखला.

खुर्चीवर बसल्याबरोबर त्यांनी माईकच्या डोक्यावर दोनदा टिचकी मारली, फुंकर घातली आणि म्हणाले, "हॅलो, हॅलो. माईक चेक." आवाजाची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झाली. बाबांना माईक माहीत होता तो गावच्या क्रिकेटच्या सामन्यांतला. अमक्या संघानं ताबडतोब मैदानाकडं यावं, हे गेली वीस वर्षं तेच सांगत आले. माईक म्हणजे ओरडायची वस्तू, अशी त्यांची समजूत, आणि ओरडण्यापुरता घसा तर राहिला नव्हता. मी सांगितलं की हळू बोला, इथं माझ्याशी बोलताय असं समजा. त्यांनी लगेच मान हलवली. आयुष्यात कधी माझं एवढं ऐकलं नव्हतं, त्यानं मला जास्तच धास्ती वाटली.

पहिलं वाक्य होतं, 'मला पाणी हवं आहे.' आमच्यात असं कोण बोलतं, असं बाबा पुटपुटले. मी लॅपटॉपवर बटण दाबलं, बोट वर केलं. बाबा सावरून बसले आणि वाक्याआधी खाकरले. चांगले दणदणीत खाकरले. मी त्यांच्या खाकरण्यावरच तुटून पडले, "बाबा! काय सांगितलं मी?" आणि तेवढ्यात दारावरची गोधडी बाजूला झाली आणि आई पाण्याचा लोटा घेऊन आत आली. आई, तू कशाला आलीस, असं मी तिच्यावरही खेकसले.

"हे खाकरले नं," आई म्हणाली. "पाय आपोआप उठले."

हे सांगायला हवं. बाबांनी तीस वर्षं साजगावच्या कारखान्यात पाळ्या केल्या. केव्हाही घरी आले तरी अंगणात, चपला काढायच्या आधी, एकदा खाकरायचे. घरात शिरताना बाप्यानं खाकरून शिरावं, आत बायका कशा बसल्या असतील नसतील, ही आमच्याकडची जुनी रीत. आता कोणी पाळत नाही, लोक स्टेशनावरूनच फोन करतात. बाबांनी ती सोडली नाही. शेतावरून आले, शेजारून आले, अगदी गोठ्यात जाऊन परत आले तरी खाकरणार. आणि त्यांनी आईला हाक मारलेली मी जन्मात ऐकली नाही, नावानं नाही आणि 'अगं' म्हणूनही नाही. ते खाकरायचे, आई पाण्याचा लोटा घेऊन दारात जायची. चव्वेचाळीस वर्षं दोघांचं तेवढ्यावर भागलं होतं.

त्या वेळी मला हे काही सुचलं नाही. मला दिसत होतं ते एक वाया गेलेलं वाक्य.

दुसऱ्या वाक्याला परत तेच. बाबांना माईकसमोर बोलणं म्हणजे कुणाच्या तरी घरात शिरण्यासारखं वाटत असावं, खाकरल्याशिवाय तोंड उघडेना. मी ओरडायची, ते ओशाळून हसायचे, आणि चौथ्या-पाचव्या खेपेला पुन्हा लोटा दारात. आईला मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा हात जोडले. ती म्हणायची, आता नाही येत, आणि पुढच्या खाकरण्याला गोधडीमागं तिची पावलं वाजायचीच.

तसं करत बावीस वाक्यं झाली. अर्धा तास संपला, बाबांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांना गरम पाणी देऊन मी ती बावीस वाक्यं चढवली आणि बावीसच्या बावीस लाल फुली घेऊन परत आली. ऐकून बघितलं तर बाबा लांब अंगणात कुठंतरी उभं राहून बोलल्यासारखे येत होते, आणि माझं मात्र 'बाबा, काय सांगितलं' खणखणीत. ऋषिकेशला फोन लावला. त्यानं शांतपणे विचारलं की माईकवर नाव लिहिलेली बाजू कुणाकडं आहे. नाव माझ्याकडं होतं. हा माईक डोक्यातून ऐकत नाही ताई, कुशीतून ऐकतो, नावाची बाजू बोलणाऱ्याकडं ठेवायची, असं मी सांगितलं होतं ना, तो म्हणाला. लिफ्टच्या दारातलं ते हेच.

म्हणजे सकाळचा अर्धा तास बाबा माईकच्या पाठीशी बोलत होते आणि माईक माझं भांडण ऐकत होता. मला रडू आलं, रागाचं. बाबा म्हणाले, असू दे, पहिलं षटक वाया जातंच. मी त्या बावीस फाईली एका फोल्डरमध्ये टाकल्या आणि फोल्डरला नाव दिलं, कचरा.

माईक फिरवला आणि अकरा वाजता पुन्हा बसलो. आता वाक्यं हिरवी होऊ लागली, पण बाहेरचं जग जागं झालं होतं. घाट चढणाऱ्या गाडीला मागून जोर द्यायला लावलेली इंजिनं भोंगा देत, ती थांबली की मालगाडी, ती गेली की खोपोलीची लोकल. मी भिंतीवर वेळा लिहून ठेवल्या, दोन गाड्यांमधल्या फटीत चार-पाच वाक्यं बसवायची. साडेबाराला धरणाकडच्या फार्महाऊसवर स्पीकर सुरू झाला. जमीन हादरत होती म्हटलं तरी चालेल. मी चपला अडकवून तरातरा निघाले. काय काय बोलायचं ते वाटेतच तोंडपाठ केलं. तिथला राखणदार सहदेव मला बघून फाटकातच आडवा आला, पण मी त्याला ओलांडून थेट आत, मुंबईच्या मंडळींसमोर. अर्धी चड्डी घातलेला एक गृहस्थ होता, त्याला सांगितलं की माझ्या वडलांचा आवाज बुधवारी जाणार आहे आणि तुमच्या स्पीकरमुळं तो मला घेता येत नाहीये. त्यानं आत जाऊन वायरच उपटली. संध्याकाळपर्यंत लावत नाही, ताई, म्हणाला. तोंडपाठ केलेलं सगळं भांडण तसंच घेऊन मी परत आले आणि ते माझ्याजवळ शिल्लक राहिलं.

ते मग मी घरातच खर्च केलं. बाबांनी नुसता श्वास घेतला तरी मी म्हणायची, खाकरू नका हं. आईला सांगितलं की तू जिजाकाकीकडं जाऊन बस, बाबांचा आवाजच येणार नाही अशा ठिकाणी. जिजाकाकीचं घर आमच्या कुडापलीकडं, तिथंसुद्धा पडवीत नको, मागल्या दारी. आई गेली. जाताना लोटा भरून बाबांच्या खुर्चीजवळ ठेवून गेली. मग बाबांनी स्वतःच एक युक्ती काढली. खाकरावंसं वाटलं की एक घोट पाणी प्यायचं आणि गिळून टाकायचं. तसं केल्यावर वाक्यं भराभर निघू लागली. मला बरं वाटलं, एकदाचं जमलं म्हणून.

शेवटची वीस वाक्यं आपल्या मनाची घालायची मुभा होती. बाबांनी विचार करकरून सांगितली. 'बैलांना पाणी दाखवलं काय?' 'गाडी चुकल तुजी.' 'मीठ कमी हाय.' मी त्यांत 'मी आलो' घातलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय इचारतेस? त्येंचं बोलनं त्येंना ठावं."

रविवारी चार वाजता तीनशेवं वाक्य हिरवं झालं. बाबांना आता कुजबुजण्यापलीकडं काही येत नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

सोमवारी मी रजा टाकली होती. अकराच्या सुमाराला ॲपवरून आवाज आला. आम्ही तिघं ओटीवर बसलो, फोन पाटावर ठेवला. मी बटण दाबलं आणि बाबांचा गणपतीपूर्वीचा नसला तरी ओळखीचा आवाज म्हणाला, "मी आलो." बाबांनी फोन उचलून उलटसुलट बघितला, मग एका बोटानं अक्षरं शोधत बरंच काही टाईप केलं. फोन म्हणाला, "नम्रता, तू लय भांडलीस." आम्ही हसलो. आई पण हसली, पदर तोंडाला लावून, पाहुण्यांसमोर हसते तशी. सगळी बटणं वाजवून झाली. आई फोनकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बरं हाय. पन दारात आल्यावर काय वाजवायचं त्येंनी?"

मी म्हटलं, 'मी आलो' आहे की.

"मी आलो तर पावना पन म्हनतो," आई म्हणाली. "हे कधी म्हनले मी आलो? त्येंचं खाकरनं नाय घेतलंस तू?"

दोन दिवस मी या घरातून तीच एक गोष्ट वेचून वेचून काढत होते. आई मला सांगत पण होती, दर खेपेला लोटा घेऊन दारात येऊन सांगत होती, आणि मी तिला शेजारी पाठवून दिलं होतं.

मी धावत जाऊन माईक परत लावला. नावाची बाजू नीट बाबांकडं केली. म्हटलं, बाबा, खाकरा, एकदाच, जोरात. बाबा उभे राहिले. दोन दिवस खाकरू नका ऐकलेल्या माणसाला आता खाकरा म्हटल्यावर काय करावं ते कळेना. त्यांनी घसा ओढला तर नुसती हवा घासली गेली, मग ठसका, मग खोकल्याची उबळ, डोळ्यांत पाणी. आई गोधडी सारून आत आली आणि त्यांची पाठ चोळत म्हणाली, "नको. ऱ्हाऊ द्या तुमी." बाबांनी मला हातानंच खूण केली की काही हरकत नाही. मग ओटीवर जाऊन बसले. मी भाताच्या पोत्याला टेकून बसले आणि स्वतःला शिव्या घातल्या. संध्याकाळी ऋषिकेशला माईक परत द्यायचा होता, पण माईक असून तरी काय उपयोग होता. जे घ्यायचं ते शनिवारी येऊन गेलं होतं.

मग मला कचरा आठवला.

फोल्डरमध्ये एक्क्याऐंशी फाईली होत्या. नापास झालेली सगळी वाक्यं. कानाला हेडफोन लावून मी पहिल्यापासून ऐकत गेले. हे मी कुणालाही ऐकवणार नाही. पहिल्या फाईलीत बाबांचं खाकरणं पुरं होतं, अंगणातलं. पुढं ते लहान होत गेलं. चाळिसाव्या फाईलीत अर्धंच, मध्येच दाबलेलं. साठाव्याला नुसतं गिळल्याचा आवाज, आणि तरी त्यावर मी, खाकरू नका. शेवटच्या काहींत तर बाबांनी काहीच केलेलं नव्हतं. नुसती शांतता होती आणि तिच्यावर मी ओरडत होते. एक माणूस दोन दिवसांत मुलीला घाबरायला लागला, ते सगळं क्रमानं जपून ठेवलेलं होतं.

खरं खाकरणं होतं ते पहिल्याच फाईलीत. माईकच्या पाठीमागून आलेलं, लांबचं, पण पुरं. आधी वरचा सूर, मग खाली उतरत गेलेला लांबट हुंकार. आणि त्या हुंकारावर चढून माझं, "बाबा! काय सांगितलं मी?" मी कापायला बसले. माझ्या आवाजाच्या तोंडाशी कापलं तर बाबांचा हुंकार तुटत होता, आणि हुंकार तुटला की ते कुणाही बाप्याचं खाकरणं होत होतं. दोन तास तेच करत होते. ऋषिकेशला फाईल पाठवली. त्यानं ऐकून सांगितलं, एकावर एक आवाज आहेत आणि वरचा माईकच्या तोंडाशी आहे, तुझा काढायला गेलं तर काकांचा जाईल. क्षणभर थांबली असतीस तर, असं तो म्हणाला नाही. मीच म्हटलं.

दुपारचे चार वाजले असतील. डोकं भणभणत होतं, हेडफोन काढून टाकला आणि लॅपटॉप ओटीवर आणून शेवटचं एकदा मोठ्यानं लावून बघितलं. बाबा समोरच खुर्चीत होते, डोळे मिटून. खाकरणं वाजलं, माझं ओरडणं वाजलं, आणि स्वयंपाकघरात माठावरचं झाकण वाजलं.

आई लोटा घेऊन दारात आली. अंगणाकडं बघितलं. अंगणात कुणी नव्हतं. मग तिनं खुर्चीतल्या बाबांकडं बघितलं, लॅपटॉपकडं बघितलं आणि उंबऱ्यावरच बसली. लोट्यातलं थोडं पाणी तिच्या पायावर सांडलं, ते तिनं पुसलं नाही. मी घाईघाईनं सांगू लागले की अजून नीट नाही झालं, माझा आवाज मध्ये येतोय, तो निघत नाहीये, मी बघते काहीतरी.

"अंगनातनं आल्यावानी वाटलं," आई म्हणाली. मग पदरानं नाक पुसलं. "तुजं पन ऱ्हाऊ दे गं. हे घरात आले आनि तू भांडली नायस, असं कधी झालंय?"

बाबांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. मग लोट्याकडं हात केला.

मी ती फाईल फोनमध्ये घातली, सगळ्यात वरच्या मोठ्या बटणावर, बाबांना चष्म्याशिवाय सापडेल अशी. माझ्या ओरडण्यानंतर त्यात गोधडीची सळसळ आणि आईच्या पावलांचा आवाज होता, तेवढा मात्र मी कापला. तो आवाज फोननं करायचं कारण नव्हतं. संध्याकाळी माईक ऋषिकेशला दिला. मंगळवारी सकाळी आम्ही कर्जतहून गाडी धरली.

ऑपरेशन ठीक झालं. तीन आठवड्यांनी बाबा घरी आले, गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं. श्वास तिथूनच घेतात, आवाज अजिबात नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून सकाळ-संध्याकाळ शेताच्या बांधापर्यंत जाऊन येतात, फोन सदऱ्याच्या खिशात.

परवा ऑफिसातून सुटल्यावर मी आईला फोन केला. जिजाकाकी आली होती, दोघी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, फोन स्पीकरवर टाकून बाजूला ठेवलेला. बाबांचं जेवण, फडकं बदललं का, डॉक्टरांची तारीख, असं मी विचारत होते आणि नेहमीप्रमाणं आईनं एक गोष्ट विसरल्यावर तिला बोलतही होते. तेवढ्यात लांबून बाबांचं खाकरणं ऐकू आलं आणि त्यावर चढून माझंच, बाबा, काय सांगितलं मी. मी बोलता बोलता थांबले.

जिजाकाकी दचकून म्हणाली, "आता फोनवर व्हती ना गं ही? नम्रता आली काय?"

"नाय गं," आई म्हणाली. शेंगांचं सूप बाजूला सरकवल्याचा आवाज आला, ती उठली असणार. "हे आले."